वाळवंटाचं पेव

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ. गगनबावड्यात एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस झाल्याची बातमी आम्ही चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. जैसलमेरला वर्षभरात मिळून साधारण तेवढाच पाऊस पडतो. पुराला धास्तावलेल्या गावातल्या माणसानं थरच्या वाळवंटाची काळजी का करावी, असं मला घरचेही विचारतात. करावी, असं माझं ठाम मत आहे, आणि ते का, हे जरा सविस्तर सांगायचं आहे.

थरशी माझी ओळख इचलकरंजीमुळे झाली. तिथल्या सुताच्या पेठेत माझे एक स्नेही आहेत. आजोबा राजस्थानातल्या फलोदीकडून आलेले, हे तिसऱ्या पिढीतले. मराठी बोलतात ती अस्सल इचलकरंजीची, पण वर्षातून एकदा गावाकडं जाणं चुकवत नाहीत. एकदा त्यांच्या पेढीवर बसलो असताना आलेल्या गिऱ्हाइकानं सहज विचारलं, "शेठ, काय असतंय हो तिकडं? वाळूच की नुसती." स्नेही हसले नाहीत. हिशेबाची वही मिटून म्हणाले, "वाळू कुठली घेऊन बसलाय? आमच्याकडं एकेका रानाला नाव हाय. कुठल्या रानात कवा मेंढरं घालायची, कुठल्या रानात कुऱ्हाड न्यायची न्हाई, हे ठरल्यालं हाय. पिढ्यान् पिढ्या." मग माझ्याकडं वळून, "सर, तुम्ही भूगोल शिकिवता न्हवं? मग चला की यंदा माझ्याबरोबर."

दिवाळीनंतर गेलो. चित्रातलं वाळवंट तिथं शोधावं लागतं. सोनेरी टेकड्या आहेत, उंटांच्या रांगाही आहेत, पण तो थरचा एक तुकडा झाला. भारत आणि पाकिस्तान मिळून सुमारे २ लाख चौरस किलोमीटर पसरलेल्या या प्रदेशात खडकाळ माळ आहेत, बारीक खड्यांची सपाट मैदानं आहेत, मीठ साचलेले खळगे आहेत आणि नजर पुरेल तिथवर गवत आहे. सेवण नावाचं हे गवत झुबक्यांनी वाढतं, एका झुबक्यापासून दुसरा अंतर राखून. त्या मोकळ्या अंतरालाही अर्थ आहे, कारण तिथली ओल वाटून घ्यायची असते. मध्येच एखादं खेजडीचं झाड, केर नावाचं काटेरी झुडूप, फोग नावाच्या झुडपाच्या बिनपानांच्या काड्या. चिंकारा दिसले. सांड्याची बिळं दिसली. थंडीत हा गुबगुबीत, काटेरी शेपटीचा सरडा बिळाचं तोंड आतून मातीनं बुजवून निजतो. आणि आपल्या जांभ्याच्या दगडांखाली ज्याला आपण वचकून असतो ते फुरसं तिथंही आहे.

स्नेह्यांच्या गावातले एक वयस्क मेंढपाळ आमच्याबरोबर रानात आले होते. एका ठिकाणी मी वाट सोडून सरळ चालू लागलो, तर त्यांनी काठी आडवी धरून थांबवलं. पुढं जमीन काळपट दिसत होती. जळल्याची खूण असेल म्हणून मी खाली बसून पाहिलं. वाळूवर जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा खरखरीत, बारीक उंचवट्यांचा थर होता. त्यांनी नखानं त्याचा एक कोपरा हलकेच उचलला. थर सलग उचलला गेला, आणि त्याच्या खालच्या बाजूनं केसाहून बारीक धागे लोंबत होते. प्रत्येक धाग्याला वाळूचे कण चिकटलेले. मग त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, चार थेंब त्या काळ्या थरावर टाकले आणि काहीही न बोलता थांबले. पाच-सात मिनिटं झाली असतील. काळ्याचा गर्द हिरवा रंग झाला आणि पहिल्या पावसाचा वास आला.

जमिनीची ही जिवंत साल आहे. नील-हरित जीवाणू, बुरशी, शेवाळ आणि मसाल्यातलं दगडफूल ज्या गटातलं त्या गटातले जीव मिळून ती विणतात. जीवाणूंचे चिकट धागे वाळूचे कण बांधून ठेवतात, म्हणून वारा सुटला तरी ती जमीन जागची हलत नाही. यातले काही जीव हवेतला नायट्रोजन मातीत आणतात, आणि ओल मिळेल तेवढा वेळ हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा जीव बनवतात. पृथ्वीवरच्या जमिनीचा सुमारे १२ टक्के भाग अशा सालीनं झाकलेला आहे असा अंदाज आहे. तिच्यावरून एकदा जीपचं चाक गेलं की ती फुटते, आणि पूर्ववत व्हायला कित्येक ठिकाणी दशकं लागतात. जैसलमेरजवळच्या टेकड्यांवर पर्यटकांना धडाधडा जीप पळवताना पाहिलं की आता माझ्या पोटात कालवतं.

तो रंगबदल मला ओळखीचा होता. पन्हाळ्यापलीकडच्या मसाई पठारावर वैशाखात गेलात तर जांभ्याचा कातळ असाच काळा पडलेला असतो. हात टेकवत नाही इतका तापतो. माती कुठं बोटभर, कुठं तीही नाही. झाड जवळपास नाहीच. मग वळवाची एक सर येते आणि काळा कातळ हिरवट होतो. श्रावण-भाद्रपदात तिथं सीतेची आसवं, गेंद, कवला, तेरडा फुलतात, दवबिंदूसारखी कीटक खाणारी वनस्पती उगवते, आणि माणसांची रीघ लागते. पण दसरा-दिवाळी उलटली की पुन्हा पाण्याचं नाव नाही. वर्षातले सात-आठ महिने आमचा सडा, म्हणजे हा उघडा कातळमाथा, वाळवंटाचं जिणं जगतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात अशा ६२ वनस्पती नोंदवल्या आहेत, ज्या पूर्ण वाळून करकरीत होतात आणि पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होतात. त्यांतल्या बऱ्याच अशा कातळांवरच वाढतात. थरच्या सालीची आणि आमच्या कातळाची रीत एकच: पाणी असेल तेव्हा जगून घ्यायचं, नसेल तेव्हा मरणाच्या दाराशी थांबून राहायचं, पण मरायचं नाही.

आणखी एका बाबतीत दोघांचं नशीब एक आहे. सरकारी कागदावर दोन्ही जमिनींची किंमत शून्याच्या आसपास आहे. सातबाऱ्यावर सड्याची जमीन पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला निकामी म्हणून, जाते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात वाळूचे प्रदेश, झुडपांची रानं, खडकाळ माळ हे सगळे पडीकचेच प्रकार म्हणून रंगवलेले आहेत. ज्या जमिनीतून महसूल येत नाही ती वाया गेलेली, हा हिशेब इंग्रजांच्या काळापासूनचा. इंग्रज गेले, हिशेब राहिला. आणि जमीन एकदा पडीक म्हणून लागली की तिथं काय करायचं, हे ठरवायला कुणीही मोकळा होतो. कुणाला तिथं कालवा दिसतो, कुणाला झाडं, कुणाला सौर पॅनेल, कुणाला बॉक्साइट.

ही जमीन वाया गेलेली नाही हे समजायला खाली पाहावं लागतं. सांगलीजवळच्या हरिपूरला ज्यांनी हळदीची पेवं, म्हणजे ती साठवायची जमिनीखालची कोठारं, पाहिली आहेत त्यांना हे लगेच पटेल. वरून पाहिलं तर मोकळं रान. पायाखाली मात्र कित्येक पोती हळद, वर्षानुवर्षं टिकणारी, फक्त पाणी आत शिरता कामा नये. वाळवंटाचा कार्बन असा ठेवलेला आहे. जंगलात तो खोडात-फांद्यांत डोळ्यांना दिसतो. कोरड्या प्रदेशातली झाडंझुडपं मात्र आपली कमाई मुळांत घालतात, कारण वर ऊन आहे, वारा आहे, चरणारं तोंड आहे. खेजडीची मुळं भूजलाच्या शोधात किती खोल जातात हे जमिनीवरच्या तिच्या अंगकाठीवरून कळायचं नाही. सेवणाचा झुबका उन्हाळ्यात वाळून काडी होतो, पण मुळं जिवंत असतात आणि पावसाबरोबर त्याच जागी तो पुन्हा फुटतो.

पण खरा मोठा साठा मुळांतही नाही. तो चुनखडीत आहे. शेतकऱ्याला नांगराला लागणारे पांढरे खडे माहीत असतात. आमच्याकडे पूर्वेकडच्या काळ्या रानातही ते सापडतात. मुळं आणि जीवाणू श्वास सोडतात, त्यातला कार्बन डायऑक्साइड जमिनीतल्या ओलीत विरघळतो, तिथल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडते, आणि पुढं ओल उडून गेली की मागं राहतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुना. भरपूर पावसाच्या प्रदेशात हा चुना धुऊन जातो. कोरड्या प्रदेशात तो थरावर थर साचत राहतो, हजारो वर्षं. जगभरच्या जमिनीच्या वरच्या दोन मीटरमध्ये असा सुमारे २,३०० अब्ज टन कार्बन आहे, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला. हवेत आज कार्बन डायऑक्साइडच्या रूपात जेवढा कार्बन आहे त्याच्या दुपटीहून हा जास्त, आणि यातला बहुतांश कोरड्या प्रदेशांत.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा चुना साचण्याचा वेग फार मंद आहे. शिवाय त्यातलं कॅल्शियम जुन्या चुनखडकातूनच आलं असेल, तर हवेतला कार्बन नव्यानं कमी झाला असं म्हणता येत नाही. कॅल्शियम बसाल्टसारख्या खडकाच्या झिजेतून आलं तरच ती खरी भर. त्यामुळे वाळवंटं आपल्या गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर गिळून टाकतील, अशी आशा कुणी दाखवत असेल तर ती खोटी आहे. वाळवंटाचं मोल नव्या कमाईत नाही, साठवणीत आहे. हजारो वर्षांत साठलेलं ते तसंच राहू देणं, एवढंच आपल्या हातात आहे. आणि ते तसं राहत नाही. नत्रखतांच्या अतिवापरानं जमीन आंबट होते, आंबट जमिनीत चुना विरघळतो, आणि त्यातला कार्बन पुन्हा हवेची वाट धरतो. त्याच २०२४ च्या अभ्यासाचा अंदाज असा की पुढच्या तीस वर्षांत या वाटेनं २३ अब्ज टनांपर्यंत कार्बन हलू शकतो.

कोरड्या प्रदेशाचा श्वास किती मोठा असतो याचा एक दाखला २०११ साली मिळाला. त्या वर्षी जगभरच्या जमिनीनं हवेतून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कार्बन ओढून घेतला. शोध घेतला तर श्रेय सदाहरित जंगलांचं निघालं नाही. मोठा वाटा ऑस्ट्रेलियाच्या अर्धशुष्क गवताळ, झुडपी रानांचा होता. तिथं चांगला पाऊस झाला होता, आणि वर्षानुवर्षं वाट पाहत बसलेली ती सगळी रानं एकदम उठली होती.

आता पाण्याबद्दल. वाळवंटाला पाणी दिलं की त्याचं भलं होतं, ही समजूत आपल्या मनात फार खोल रुतली आहे. कोल्हापूरकरांना तरी तिच्यावर शंका घेता यायला हवी, कारण पाण्यानं जमीन मरताना आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. शिरोळ तालुक्यात जा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाचा तालुका, नरसोबाच्या वाडीचा तालुका, एके काळी काळ्याभोर मातीसाठी नावाजलेला. उसाला पाणी, पुन्हा पाणी, पाट फुटेस्तोवर पाणी. निचऱ्याचा विचार नाही. जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढत गेली, तिच्याबरोबर क्षार वर आले, आणि हजारो हेक्टर रान क्षारपड झालं. उन्हाळ्यात तिथून जाताना बांधापासून बांधापर्यंत पांढरी खपली दिसते. तीत वेड्या बाभळीशिवाय काही तग धरत नाही. माझ्या आजोळची जमीन तिथंच आहे. आजोबांच्या काळात ज्या तुकड्यात शाळू माणसाच्या डोक्याच्या वर जायचा, त्या तुकड्यात मामांनी शेवटी पेरायचं सोडलं. आता काही गावांतले शेतकरी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करतात, आणि जमीन हळूहळू माणसात येते. खर्चिक काम आहे. नाल्यापर्यंत वाट मिळायला शेजाऱ्यापाजाऱ्यांची संमती लागते. पण होतंय.

राजस्थानच्या उत्तर-पश्चिम भागात इंदिरा गांधी कालव्यानं दुसरं काही केलेलं नाही. पंजाबातल्या हरिकेपासून आलेल्या या कालव्यानं लाखो माणसांना प्यायचं पाणी दिलं, गव्हाची-मोहरीची शेती दिली. ते नाकारण्यात अर्थ नाही, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या बाईपुढं उभं राहून ते नाकारायची माझी हिंमतही नाही. पण वाळूखाली अनेक ठिकाणी चुन्याचा-जिप्समचा कडक थर आहे. पाणी तिथं अडलं, वर आलं, हनुमानगडच्या बाजूला शिवारंच्या शिवारं दलदल झाली. तिकडं त्याला सेम म्हणतात. स्नेह्यांच्या एका नातेवाइकांची जमीन त्यात गेली. ते सांगत होते आणि मला मामांचा चेहरा दिसत होता. कालव्याकाठची सेवणाची कुरणं नांगराखाली गेली, आणि गवताबरोबर त्या गवतात अंडी घालणारे पक्षीही गेले.

झाडांबद्दल बोललं की लोक बिथरतात, तरी बोललं पाहिजे. २०१९ साली दिल्लीशेजारच्या ग्रेटर नोएडात वाळवंटीकरणाविरुद्धची जागतिक परिषद भरली, तेव्हा भारतानं २०३० पर्यंत २.६ कोटी हेक्टर बिघडलेली जमीन पूर्ववत करण्याचं वचन दिलं. वचन चांगलंच आहे. पण जमीन वाळवंट बनत जाणं आणि मुळातलं वाळवंट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला आजार आहे. दुसरं लाखो वर्षांचं स्वतःचं घर आहे, आणि त्यावर उपचार करायला गेलो की ते बिघडतं. विसाव्या शतकात थरपासून दख्खनपर्यंत वेडी बाभूळ हौसेनं पसरवली गेली. आज ती कुरणांमागून कुरणं गिळते आहे आणि एकदा शिरली की निघत नाही. इस्राएलच्या नेगेव वाळवंटाच्या कडेला यातीर नावाचं पाइनचं जंगल १९६० च्या दशकात लावलं गेलं. त्यावरचा २०१० सालचा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. झाडांनी कार्बन घेतला, हे खरं. पण फिकट जमीन ऊन परत फेकत होती आणि गडद झाडं ते शोषून घेऊ लागली. त्या वाढलेल्या उष्णतेची भरपाई कार्बन शोषणातून व्हायला कित्येक दशकं लागतात, असं निघालं. नुसतं हिरवं दिसलं म्हणजे पृथ्वी थंड झाली असं होत नाही.

सौरऊर्जेचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण ती मला हवी आहे. माझ्या घराच्या गच्चीवर पॅनेल आहेत. फलोदीजवळचा भडला सौर प्रकल्प मी बाहेरून पाहिला: २,२४५ मेगावॅट, सुमारे ५,७०० हेक्टर. कोळसा जाळायचा थांबवायचा तर असं काहीतरी लागणारच. पण ते कुठं, हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो विचारताना मला माळढोक दिसतो. नर १५ किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे जड पक्षी थोडेच. त्याचे डोळे बाजूंना असतात, जमिनीवरचा शत्रू चहूबाजूंनी दिसावा म्हणून, त्यामुळे नाकासमोरची तार त्याला उशिरा दिसते आणि वजनामुळं ऐनवेळी वळता येत नाही. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते. जगात आता दीडशेच्या आत माळढोक उरले आहेत, आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या परिसरात.

महाराष्ट्रातल्या माणसाला यात परकं काही वाटू नये. सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य १९७९ साली याच पक्ष्यासाठी झालं. माझ्या लहानपणी सोलापूरकडचे पाहुणे शेतात माळढोक दिसल्याचं सांगायचे, काही विशेष घडलं असं न वाटता. आज तिथला माळ आहे, काळवीट आहे, लांडगा आहे, आणि माळढोकाच्या जागी त्याच्या चित्राच्या पाट्या. म्हणून सर्वोच्च न्यायालयात या पक्ष्यासाठी चाललेला खटला मी बारकाईनं वाचत आलो. २०२१ च्या एप्रिलमध्ये न्यायालयानं त्याच्या अधिवासातल्या वीजवाहिन्या जमिनीखालून न्यायला सांगितलं. २०२४ च्या मार्चमध्ये तो व्यापक आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणं हा नागरिकांचा हक्क आहे, असंही म्हटलं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तरी मला वाटतं, गच्च्या, कारखान्यांची छपरं, कालव्यांवरचं छत, शिरोळसारखी खारावलेली रानं हे सगळं आधी वापरा. ज्या गवतात माळढोक अजून अंडं घालतो तिथं तार आणि पॅनेल सगळ्यात शेवटी. किंवा नाहीच. जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात २०१९ पासून पिल्लं वाढवण्याचं काम जिवापाड चाललं आहे. ती मोठी होतील तेव्हा त्यांना सोडायला माळ शिल्लक हवा.

तिथल्या लोकांनी माळ शिल्लक ठेवण्याची रीत कधीच शोधून काढली होती. देवाच्या नावानं सोडलेली रानं, त्यांना ते ओरण म्हणतात. आपल्या देवराईची बहीणच. गुरं चरू द्यायची, पडलेली काटकी उचलायची, पण हिरव्या फांदीला हात लावायचा नाही. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत राजाची माणसं झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवींसह ३६३ बिष्णोई स्त्री-पुरुषांनी झाडांना मिठ्या मारून जीव दिला. ते झाड म्हणजे खेजडी, आपली शमी. दसऱ्याला दसरा चौकात शाही लवाजम्यानिशी जिचं पूजन होतं आणि मग सोनं लुटायला झुंबड उडते, तीच. वर्षातून एकदा जिच्यापुढं अख्खं कोल्हापूर हात जोडतं, तिची रानं आज तिकडं प्रकल्पांसाठी तुटतात आणि बिष्णोई पुन्हा रस्त्यावर बसतात, हे आमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? ओरणांच्या जमिनी महसुली दप्तरात सरकारी पडीक म्हणून लागलेल्या असल्यानं त्या हातोहात जाऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थान सरकारला प्रत्येक ओरणाची मोजणी करून, नकाशा करून तिला संरक्षण द्यायला सांगितलं आहे. ते काम किती मनापासून होतं यावर पुष्कळ काही ठरेल.

रान राखायचं म्हणजे माणसाला बाहेर काढायचं, हे मला पटत नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या गर्दीत एकदा उभं राहून पाहावं. तिथं जमणारे धनगर दख्खनी मेंढ्या घेऊन वर्षातले कित्येक महिने चालत असतात. एका रानात बसायचं, गवत संपायच्या आत उठायचं. हे उठणंच रानाला वाचवतं. थरमधले राईका उंटांबरोबर हेच करत आले. पण चरायची रानं आटली, वाटा अडल्या, आणि देशातले उंट २०१२ च्या पशुगणनेत ४ लाख होते ते २०१९ मध्ये अडीच लाखांवर आले. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं आहे. त्या वर्षात कोल्हापूर जिल्ह्यात तरी धनगरांच्या वाटा आणि बसायची रानं नोंदली गेली, तर ते भाषणांपेक्षा उपयोगाचं होईल.

मसाई पठाराला आता संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. सगळ्या सड्यांचं नशीब तसं नाही. राधानगरी, शाहूवाडीकडच्या डोंगरमाथ्यांवर बॉक्साइटच्या खाणींनी काय केलं ते वर जाऊन पाहता येतं. कातळाची टोपी एकदा काढली की खाली लाल चिखल उरतो, आणि त्यावर लावलेलं कुठलंही रोपटं म्हणजे सडा नव्हे. खाणीपेक्षा मला सध्या जास्त काळजी वाटते ती चांगल्या हेतूची. दर जूनमध्ये कुणी मंडळ, कुणी शाळा, कुणी कंपनी सड्यावर खड्डे मारायला येते. कातळ फोडून, बाहेरची माती ओतून गुलमोहर नि सुबाभूळ लावतात. रोपं मेमध्ये मरतात; खड्डे आणि उकरलेला कातळ राहतो. गेल्या काही वर्षांत आम्ही काही शिक्षक अशा मंडळींना आधीच गाठून नदीकाठ, ओढ्यांच्या कडा, गावाजवळच्या उजाड झालेल्या देवराया दाखवतो. बहुतेक जण ऐकतात. एका तरुण मंडळाच्या अध्यक्षानं विचारलं होतं, "मग सड्यावर काहीच करायचं न्हाई व्हय सर?"

करण्यासारखं आहे. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते. आमच्या भागातल्या बऱ्याच वह्यांत शेती, झाडं, गुरं यांची पानं भरली आहेत आणि सड्याचं पान कोरं आहे. त्या अध्यक्षांच्याच गावातून सुरुवात करायची ठरली आहे. मंडळाची पोरं मोबाइलवर फोटो काढतील, धनगरवाड्यातल्या आजी गवतांची नावं नि चरायचे महिने सांगतील, लिहायचं काम माझ्याकडं. पहिला फेरा वळवानंतर, कातळ हिरवा झाल्या झाल्या, दुसरा भाद्रपदात, तिसरा मात्र भर मार्चमध्ये, सगळं वाळून गेल्यावर, कारण तेव्हा काय काय जिवंत आहे तेच नेमकं अजून कुणी लिहून ठेवलेलं नाही.